उपग्रहाला दिसलं नाही, म्हणून नुकसान झालं नाही?

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आधी आभाळाकडे बघायचे आणि मग गोठ्याकडे वळायचे, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची सवय. गोठ्यातली बैलजोडी गेली, दारात ट्रॅक्टर आला, पण आभाळाकडे बघणे काही सुटले नाही. मळभ आले, झाकोळ पडला, उघाड मिळाली, धुई उतरली, चंद्राला खळे पडले, मावळत तांबडीलाल झाली. असे किती तरी शब्द आपल्या बोलीत आहेत. नीट पाहिले तर हे सगळे शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलतात. सूर्याचा किंवा चंद्राचा उजेड आपल्यापर्यंत येता येता मधल्या हवेने त्याचे काय केले, ती ही गोष्ट.

आज हा विषय काढण्याचे कारण असे, की आता आपण एकटेच आभाळाकडे बघत नाही. आभाळाच्याही वरून कोणी तरी आपल्या शेताकडे बघते आहे, आणि त्याने काय पाहिले यावर आपल्या पदरात पडणारे पैसे ठरू लागले आहेत.

२०२५ च्या खरिपानंतर एका गावच्या पारावर बसलो होतो. पीक विम्याची माहिती द्यायला एक तरुण प्रतिनिधी आला होता. पोरगा बोलायला गोड, शिकलेला. त्याने लॅपटॉप उघडून सगळ्या शिवाराचा रंगीत नकाशा दाखवला. कुठे हिरवे, कुठे पिवळे, आणि मधूनच करड्या रंगाचे पट्टे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बोट ठेवून विचारले, "ह्ये करडं काय हाय, साहेब?"

"आजोबा, त्या दिवशी तिथं ढग होते. तिथलं काही दिसलं नाही."

"मग तिथलं काय धरलं तुम्ही?"

पोरगा जरा थांबला आणि म्हणाला, "आजूबाजूचं बघून आणि आधीच्या तारखेचं बघून सिस्टीम भरून घेते."

"म्हंजे माझं वावर पाण्यात, आन् हिशेब शेजारच्या माळावरचा?"

सगळे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. सीनेचे पाणी घराघरात शिरले, उभी पिके मातीसकट वाहून गेली. तेव्हा सलग ढग होते. आणि ढग असले म्हणजे नेहमीच्या उपग्रहाला खालचे दिसत नाही. म्हणजे ज्या दिवशी साक्षीदार सर्वांत जास्त हवा होता, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती.

उपग्रह शत्रू नव्हे

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो. उपग्रह नको, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पंचनाम्याला कोण कोणाच्या ओट्यावर चहा पितो आणि मग कोणाचे किती टक्के नुकसान लागते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. उपग्रहाला पाहुणा नाही, भावकी नाही, वशिला नाही. चार-चार गावांचा भार सांभाळणारे आपले भाऊसाहेब, ज्यांना सरकारने नवे नाव दिले तरी आपण अजून तलाठीच म्हणतो, ते एका आठवड्यात हजार गट कसे फिरणार? तेव्हा हे साधन हवेच आहे.

आणि ते आपल्या देशात काही आज आलेले नाही. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढले. हेतू होता रोग लागलेली झाडे ओळखण्याचा. भारतातल्या दूरसंवेदनाची ती सुरुवात मानतात. पुढे १९७९ मध्ये भास्कर आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला उपग्रह गेला. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. पिकाखालचे क्षेत्र, धरणातले पाणी, पडीक जमीन यांचे नकाशे त्यातून निघाले आणि ते उपयोगी पडले.

फरक आता पडला तो असा. पूर्वी उपग्रहाचा आकडा राज्याच्या, जिल्ह्याच्या अंदाजासाठी होता. तो दोन टक्के इकडे तिकडे झाला तर कोणाच्या चुलीवर परिणाम होत नव्हता. केंद्र सरकारने २०२३ च्या खरिपापासून पीक विम्यात भाताचे आणि त्यापाठोपाठच्या रब्बीत गव्हाचे उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानाने काढलेल्या आकड्याला कमीत कमी ३० टक्के वजन दिले. उरलेले वजन पीक कापणी प्रयोगाचे. त्यात २०२५ च्या खरिपात आपल्या राज्याने स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाई विम्यातून काढून टाकली आणि मंडळाच्या सरासरी उत्पादनावरची भरपाई तेवढी ठेवली. म्हणजे 'माझ्या वावरात पाणी शिरलं हो' ही एकट्याची हाक बंद, आणि मंडळाच्या आकड्याचे महत्त्व दुप्पट. अशा वेळी हा आकडा कसा निघतो, त्यात हवा कुठे आडवी येते, हे गावाने समजून घेतले पाहिजे. साक्षीदाराची साक्ष घ्यायची तर उलटतपासणीही व्हायला हवी.

उपग्रह नेमके काय बघतो?

पुष्कळांना वाटते, उपग्रह म्हणजे वरचा मोठा कॅमेरा. त्याने फोटो काढला आणि ढीग मोजला. तसे नाही. उपग्रहाला ना शेंगा दिसतात ना दाणे. तो मोजतो उजेड. सूर्याचा उजेड पिकावर पडतो, त्यातला काही पीक खाऊन टाकते, काही परत वर पाठवते. कोणत्या रंगाचा किती उजेड परत आला, एवढेच तो नोंदवतो.

पैसेवारीच्या भाषेत सांगतो. समजा लाल उजेडाचा एक रुपया पिकावर पडला. निरोगी हिरवे पीक त्यातले ९५ पैसे स्वतःसाठी वापरते आणि ५ पैसे परत करते. दुसरा उजेड असतो अवरक्त, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्याचा रुपया पडला तर निरोगी पीक ४५ पैसे परत फेकते. पीक पिवळे पडले, सडले, वाळले की लाल परत येतो जास्त आणि अवरक्त येतो कमी. या दोन आकड्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, हा झाला पिकाचा हिरवाई निर्देशांक. ४५ मधून ५ गेले, राहिले ४०. बेरीज ५०. निर्देशांक आला ०.८०. म्हणजे पीक झकास.

उपग्रहाच्या पुष्कळ चित्रांत निरोगी पीक लालभडक दाखवलेले असते, तेही याचमुळे. न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाला चित्रात लाल रंग देण्याची पद्धत आहे. तेव्हा लाल पट्टा दिसला की पीक जळाले असे समजून कोणी घाबरू नये.

मधली हवा उजेडाचे काय करते?

आता खरी गोष्ट. हे उपग्रह ७००-८०० किलोमीटरवरून फिरतात. त्या सगळ्या अंतरात हवा नाही. जवळजवळ सगळी हवा खालच्या तीसेक किलोमीटरांतच आहे. पण उजेडाला त्या हवेतून दोनदा जावे लागते. एकदा सूर्याकडून शेतात, आणि दुसऱ्यांदा शेतातून उपग्रहाकडे. म्हणजे बाजाराला जाताना एक जकात आणि येताना दुसरी.

ही हवा उजेडाशी दोन प्रकारे वागते. एक, ती त्याला विखुरते. हवेचे अतिसूक्ष्म कण निळा उजेड लाल उजेडाच्या जवळपास चौपट विखुरतात. दिवसा आभाळ निळे दिसते ते यामुळे. संध्याकाळी सूर्य खाली गेला की उजेडाला तिरप्या, लांब वाटेने यावे लागते. वाटेत निळा गळून जातो आणि तांबडा तेवढा उरतो. हे गणित इंग्लंडच्या रॅले या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडले. धूळ, धूर, धुई यांचे कण मोठे. ते सगळेच रंग विखुरतात, म्हणून धुई पांढुरकी दिसते.

दोन, हवा उजेड पिऊन टाकते. हवेतली वाफ काही ठरावीक अवरक्त रंग जवळजवळ पूर्ण गिळते. म्हणून उपग्रह बनवणारे लोक हवेत जिथे 'खिडक्या' उघड्या आहेत, तेवढेच रंग निवडतात. पण या खिडक्याही पूर्ण स्वच्छ कधीच नसतात.

रात्री धुईत मोटारसायकलचा दिवा लावून बघा. दिवा जितका मोठा कराल तितकी समोर पांढरी भिंत उभी राहते. रस्त्यावरून उजेड परत येण्याआधी धुईच तो तुमच्या डोळ्यांत परत फेकते. उपग्रहाचेही तेच होते. त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या उजेडातला काही हिस्सा जमिनीला शिवलेलाच नसतो. तो मधल्या मध्ये हवेतून परत गेलेला असतो, आणि यंत्र मात्र तो तुमच्या शेताच्या खात्यावर लिहिते.

ही गोष्ट किती मोठी असू शकते याचा जगाला अनुभव आहे. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्याचे सूक्ष्म कण फार उंचावर जाऊन जगभर पसरले. त्यानंतरच्या काळात उपग्रहांच्या नोंदीत उष्ण प्रदेशातली हिरवाई कमी झाल्यासारखी दिसू लागली. खाली झाडे होती तशीच होती. मधली हवा बदलली होती. शास्त्रज्ञांनी ते ओळखले आणि आकडे दुरुस्त केले, म्हणून बरे. आपल्या मंडळाचा आकडा कोण दुरुस्त करतो, हा आपला प्रश्न.

धुईतली तुलना

आता त्या रुपयाच्या हिशेबात थोडी धुई मिसळू. धुई अंधाऱ्याला उजळ करते आणि उजळाला फिकट करते. वरच्या त्याच निरोगी पिकावर विरळ धुई किंवा धुराचा थर आहे असे समजा. लाल उजेड ५ पैशांऐवजी ९ पैसे नोंदला गेला, अवरक्त ४५ ऐवजी ४४. वजाबाकी ३५, बेरीज ५३, निर्देशांक आला ०.६६. पीक तेच, माती तीच, पण कागदावर ०.८० चे ०.६६ झाले.

कोणी म्हणेल, मग बरेच की! पीक वाईट दिसले तर भरपाई जास्त मिळेल. थांबा. विमा कधी एका वर्षाच्या आकड्यावर चालत नाही, तो मागच्या वर्षांशी तुलना करून चालतो. समजा मागच्या चांगल्या वर्षाचे चित्र नेमके धुईच्या दिवसाचे होते आणि त्यात ०.६६ नोंदले गेले. यंदा पीक खरेच खालावले. लाल ७ पैसे, अवरक्त ३४ पैसे. आकाश मात्र स्वच्छ. हिशेब करा: वजाबाकी २७, बेरीज ४१, निर्देशांक आला ०.६६. मागच्या वर्षी ०.६६, यंदा ०.६६. यंत्र म्हणणार, फरक काही नाही. वावरात मात्र डोळ्यांत पाणी.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण अशी चूक होऊ शकते हे खरे आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर सकाळची धुई, वीटभट्ट्या, उसाचे पाचट जाळल्याचा धूर हे सगळे असते. आणि त्याच वेळी तूर फुलोऱ्यात असते, रब्बीची ज्वारी वाढत असते.

ही चूक काढण्याचे उपाय नाहीत असे नाही. खोल, स्वच्छ धरणाचे पाणी अवरक्त उजेडात जवळजवळ काळे दिसायला हवे. ते काळे न दिसता करडे दिसले, तर जेवढा जादा उजेड तेवढी हवेची भेसळ, असे समजून ती सगळीकडून वजा करता येते. जमिनीवरून सूर्याकडे तोंड करून हवेतली धूळ मोजणारी यंत्रेही आहेत. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत असे मोजमाप होते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे तर दोन्ही प्रकारांत मिळतात: हवेसकटची आणि हवेची भेसळ काढलेली. प्रश्न इतकाच, की आपल्या मंडळाचा हिशेब करताना कोणती वापरली, हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

ढगांचा हिशेब

धुई दुरुस्त करता येते, ढग दुरुस्त करता येत नाही. दाट ढगाखालचे काहीही वर पोहोचत नाही. विरळ, उंचावरचे ढग तर जास्त फसवे. चंद्राला खळे पडते ते अशाच बर्फकणांच्या ढगांमुळे. आपल्याला ते खालून जेमतेम दिसतात, पण पिकाचा आकडा बिघडवायला पुरेसे असतात. ते पकडण्यासाठी सेंटिनेल-२ मध्ये एक खास रंगपट्टा ठेवला आहे. त्या रंगाचा जमिनीवरचा उजेड हवेतली वाफ वाटेतच गिळते. तेव्हा तिथे काही चमकले तर ते उंचावरच्या ढगांचेच समजायचे. शिवाय ढगाची सावली असते. सावलीतले शेत काळवंडते आणि यंत्राला ते पाण्यासारखे किंवा मेलेल्या पिकासारखे वाटू शकते.

दोन सेंटिनेल मिळून दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात, सकाळी साडेदहाच्या आसपास. सोयाबीन पेरल्यापासून काढेपर्यंत साधारण शंभर दिवस, म्हणजे वीस फेऱ्या. पण सोयाबीनचे हे शंभर दिवस म्हणजेच पावसाळा! वीसपैकी किती फेऱ्या उघाडीत सापडल्या? फुलोऱ्यात सापडली का? शेंगा भरताना सापडली का? हे मंडळवार कोणी सांगत नाही.

यातून मार्ग म्हणून दहा-पंधरा दिवसांची चित्रे एकत्र करून प्रत्येक जागेचा सर्वांत हिरवा आकडा उचलण्याची पद्धत फार वर्षांपासून आहे. कारण साधे: ढग आणि धुई आकडा खालीच ओढतात, तेव्हा जो सर्वांत वर तो सर्वांत स्वच्छ दिवसाचा. जंगलासाठी, कुरणासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण पुराला ती घातक ठरू शकते. पंधरवड्याच्या दुसऱ्या दिवशी उघाड होती, पीक हिरवेगार होते. पाचव्या दिवशी पूर आला. त्या पंधरवड्याचा सर्वांत हिरवा आकडा कोणता? पुराच्या आधीचा! कागदावर तो पंधरवडा हिरवाच राहिला.

आणखी एक, गुंठ्याचा हिशेब. सेंटिनेल-२ च्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. आपल्या रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. दुसऱ्याचा ५६ मीटरचा, म्हणजे ३१ गुंठे. एकरभर वावर असलेल्या माणसाचे बांधावरचे पीक, शेजारचा ऊस आणि वाट हे सगळे एका ठिपक्यात येते. त्यात हवा शेजारच्या उसाचा उजेड विखरून तुमच्या ठिपक्यात टाकते ते वेगळेच. शेजारी पाणी दिले की आपल्या बांधात झिरपते, तसेच हे.

रडार: उत्तर आहे, पण अर्धे

ढगातून पाहणारे साधन म्हणजे रडार. ते सूर्याच्या उजेडावर अवलंबून नाही. स्वतः सूक्ष्म लहरी सोडते आणि परत आलेल्या मोजते. या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे ढगाचे थेंब त्यांना फारसे अडवत नाहीत. रात्र असो, ढग असो, काम चालू. आपला रिसॅट-१ २०१२ मध्ये गेला, त्यापुढचा ईओएस-०४ २०२२ मध्ये. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासा यांचा 'निसार' गेला. हे सगळे आपल्या कामाचे आहे.

पण रडारला रंग कळत नाही. मोकळे, शांत पाणी त्याला काळे दिसते, ते तो छान ओळखतो. पिकाच्या पानांखाली साचलेले पाणी ओळखणे अवघड. पान पिवळे पडले, मुळी सडली, हे त्याला सरळ दिसत नाही. आणि निसार त्याच वाटेवर परत येतो बारा दिवसांनी. आपल्या वावरातले पाणी दोन दिवसांत ओसरते. पाणी ओसरले तरी सोयाबीनची मुळे गेलेलीच असतात. तिसऱ्या दिवशी आलेल्या रडारला जमीन ओली दिसेल, पूर दिसणार नाही.

तेव्हा एकट्या कोणत्याच डोळ्याने भागत नाही. रंग बघणारा उपग्रह, ढगातून बघणारे रडार, मंडळातले पर्जन्यमापक आणि बांधावरचा माणूस, हे चौघे एकत्र बसले तरच साक्ष पुरी होते.

मग मागायचे काय?

माझे म्हणणे थोडक्यात असे. 'दिसलं नाही' आणि 'झालं नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजच्या पद्धतीत पहिलीची गुपचूप दुसरी होते, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो. ढग ही काही शेतकऱ्याची चूक नाही. मग ढगामुळे राहिलेल्या माहितीचा तोटा त्याने का सोसावा?

म्हणून पहिली मागणी: ज्या मंडळाच्या उत्पादनात उपग्रहाचा आकडा मिसळला जातो, तिथे कोणत्या तारखांची चित्रे वापरली, त्यांतली किती ढगांनी झाकलेली होती, आणि हवेची दुरुस्ती केली की नाही, हे साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. हा अर्ध्या पानाचा मजकूर आहे. संगणकात ही सगळी माहिती असतेच. ती बाहेर काढायची तेवढी आहे.

दुसरी: ढगाखालच्या क्षेत्राला नकाशात 'माहिती नाही' असेच लिहावे, शेजाऱ्याचे भरून घेऊ नये. आणि पिकाच्या नाजूक काळात ज्या मंडळात एकही स्वच्छ चित्र नाही, तिथे त्या हंगामापुरते उपग्रहाचे वजन कमी करून पीक कापणी प्रयोगांची संख्या वाढवावी. आंधळ्या झालेल्या साक्षीदाराला तेवढेच वजन देणे न्यायाचे नाही.

तिसरी: तुलना बरोबरीची हवी. दुरुस्त केलेले चित्र दुरुस्त केलेल्याशी, आणि पिकाच्या त्याच वयाचे त्याच वयाशी. पेरणी वीस दिवस लांबलेल्या वर्षाची मागच्या वर्षाच्या त्याच तारखेशी तुलना करणे म्हणजे वासराची गाईशी तुलना करणे.

गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनाही एक विनंती. भाऊसाहेब, तुमचा पंचनामा आता निकामी झाला असे समजू नका. उलट त्याची किंमत वाढली आहे. उपग्रहाचा आकडा खरा की खोटा हे जमिनीवरच्या नोंदीवरूनच तपासतात. तेव्हा 'अतिवृष्टीमुळे नुकसान' एवढ्या एका ओळीवर थांबू नका. पाणी कोणत्या दिवशी शिरले, किती दिवस उभे होते, पीक तेव्हा फुलात होते की शेंगेत, आकाश कधी उघडले, हे चार आकडे लिहा. कृषी सहायकांनी कापणी प्रयोगाच्या वेळी आसपासच्या धुई-धुराचीही नोंद ठेवली तर उत्तमच.

आणि शेतकरी बांधवांनो, आपलीही थोडी जबाबदारी आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर चालू आहे. 'करू उद्या' म्हणून ती टाळू नका. तुमच्या गटात कापूस आहे की तूर, हेच जर नोंदलेले नसेल तर वरच्या यंत्राला ते ओळखायला आणखी अवघड जाते. पाणी साचले की तारीख आणि ठिकाण येईल असा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, ओसरल्यावर नव्हे. घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा, सेंटिनेलची चित्रे कोणालाही फुकट बघता येतात, इस्रोच्या 'भुवन'वरही नकाशे आहेत. आपल्या गावावर कोणत्या दिवशी ढग होते, हे त्याला मोबाईलवर शोधता येईल. तक्रार करायला जाताना 'सॅटेलाईट खोटं आहे' असे म्हणू नका. तिथे कोणी ऐकणार नाही. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्या मंडळावर एकही स्वच्छ चित्र नाही, मग हा आकडा कशावरून काढला?' असे विचारा. या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागेल.

त्या दिवशी पारावरून उठताना तो म्हातारा प्रतिनिधीला म्हणाला, "पोरा, मलाबी आता मोतीबिंदू हाय. मला दिसत न्हाई तवा मी म्हणतो, दिसत न्हाई. तुझं मशीन तसं का म्हणत न्हाई?"

येत्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडा: ज्या दिवशी यंत्राला दिसले नाही, त्या दिवशी त्याने 'दिसले नाही' असे लिहावे. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना आणि एक तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.